मॅकसर

आमच्या कॉलेजात नवीन प्राध्यापक रुजू झाला की त्याला तीन ठिकाणी हजेरी लावावी लागते. एक प्राचार्यांकडे, दुसरी आस्थापना विभागात आणि तिसरी जिन्याखालच्या खोलीत. पहिल्या दोन ठिकाणी दोन दिवस उशीर झाला तरी चालतो. जिन्याखालच्या खोलीत उशीर झाला तर इंटरनेट मिळत नाही. इंटरनेट नसलं की हल्ली रजा टाकता येत नाही, गुण भरता येत नाहीत, पगाराची पावती दिसत नाही. मग माणूस नक्की रुजू झाला की नाही, याचीच शंका यायला लागते.

त्या खोलीत मॅकसर बसतात. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे. मॅकसर हे नाव पोरांनी ठेवलं, पोरांकडून स्टाफरूममध्ये आलं, आणि सरांच्या मुलीच्या लग्नात एका पाकिटावर चक्क 'मॅकसरांच्या कन्येस' असं लिहिलेलं निघालं. सरांनी ते पाकीट वेगळं काढून ठेवलं आहे.

खोली पूर्वी एनसीसीची होती. लाकडी बंदुका तिथे असत, त्यातली एक अजून रॅकमागे उभी आहे. दारावर सूचना : 'चपला बाहेर काढाव्यात. पेनड्राइव्ह बाहेर ठेवावा.' आत एसी अठरावर. भर मे महिन्यात सर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसतात. प्राचार्यांची केबिन सोडली तर इमारतीत एसी तेवढाच, म्हणून एप्रिल-मेमध्ये स्टाफच्या तांत्रिक अडचणी एकदम वाढतात. सरांना हे कळतं. ते दोन खुर्च्या जास्तीच्या मांडून ठेवतात.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ॲड्रेस आणलाय?"

नवीन माणूस आधार कार्डाची झेरॉक्स पुढे करतो. सर ती न बघता परत देतात. "तुमचा नको. मशीनचा."

मशीनचा ॲड्रेस हे प्रकरण मला, मराठीच्या प्राध्यापिकेला, जेवढं कळलं तेवढं सांगते. नेटवर्कला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या कार्डात कारखान्यातच एक बारा अक्षरी क्रमांक घातलेला असतो, तोच मॅक ॲड्रेस. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, एवढंच येतं. पहिली सहा अक्षरं आयईईई ही संस्था कंपनीला नेमून देते, पुढची सहा कंपनी ज्या त्या यंत्राला देते. "आडनाव वरून येतं, नाव घरात ठेवतात," असं सर समजावून सांगतात. आडनावावरून कूळ ओळखायचा त्यांना फार सोस. पहिली सहा अक्षरं ऐकून ते डोळे मिटून कंपनीचं नाव सांगतात, आणि समोरच्याने खात्री करून घ्यावी म्हणून थांबतात. समोरच्याला खात्री करायची नसते, त्याला नेट हवं असतं. तरी बघावं लागतं.

कॉलेजचं नेटवर्क आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये जी पेटी बसवली आहे, ती फायरवॉल. तिच्यात सरांनी या क्रमांकांची यादी भरली आहे. यादीत असेल त्याला वाट, नसेल त्याला नाही. याला ते 'बाइंड करणं' म्हणतात. "मॅडम, तुमचं बाइंड झालंय," हे वाक्य त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा माझ्या प्रबंधाची बांधणी झाली असं समजून मी पैसे किती विचारले होते.

ॲड्रेसचा विषय निघाला की इतिहास सुटत नाही. हा क्रमांक ४८ बिटांचा का असावा, हे सांगणारा निबंध १९८१ साली झेरॉक्स कंपनीतल्या दोघांनी लिहिला. त्यातले एक योगेन दलाल, आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले. "पवईचा माणूस!" सर टेबलावर बोट आपटून सांगतात. मग गणित येतं. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त क्रमांक बसतात. जगातल्या माणसांना वाटले तर दर माणशी ३५ हजार येतात. ऐकणारा थक्क होतो. सर चष्मा वर करून म्हणतात, "तुम्हाला दोनच नोंदवता येतील."

एका व्यक्तीला दोन यंत्रं, हा नियम. तिसरं नोंदवायचं तर प्राचार्यांमार्फत अर्ज, विषय : 'मॅक ॲड्रेस नोंदवून मिळणेबाबत'. 'मिळणेबाबत' हा शब्द राहिला तर अर्ज परत येतो. माझा आला आहे.

आणि मग ते रजिस्टर. डेडस्टॉकचं असतं तसलं लांबलचक, कापडी पाठीचं. त्यात अनुक्रमांक, नाव, विभाग, यंत्र, ॲड्रेस, दिनांक, सही असे रकाने लाल शाईने आखलेले. हे सगळं एक्सेलमध्ये ठेवा, असं एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं होतं. सरांनी ठेवून पाहिलं. ज्या ॲड्रेसमध्ये नुसते आकडे होते त्यांची सुरुवातीची शून्यं एक्सेलने गिळली. ज्यांच्यात आकड्यांच्या मध्ये एकच ई आला होता, त्यांना एक्सेल दहाचा घात समजला आणि त्याने क्रमांकाच्या जागी भलतीच मोठी संख्या छापली. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घेतला की हे टळतं, हे सरांना कळलं. पण तोवर मन उडालं होतं. "कागद स्वतःची अक्कल वापरत नाही," हा त्यांचा निकाल.

रजिस्टरात नोंद तोंडी सांगून होते. नोंदवणाऱ्याने वाचायचं, सरांनी लिहायचं आणि मोठ्याने परत म्हणायचं. बी आणि डी कानाला सारखेच लागतात, म्हणून सरांनी गावं ठरवली आहेत. ए अकोला. बी बारामती. सी चिपळूण. डी दौंड. इथवर सोपं होतं. एफला ते बरीच वर्षं फलटण म्हणत. एकदा कार्यालयातल्या क्लार्कने फलटण ऐकून इंग्रजी स्पेलिंगाप्रमाणे पी लिहिला. मॅक ॲड्रेसमध्ये पी नसतोच. नोंद चुकली आणि लेखापाल आठवडाभर नेटशिवाय बसले. तेव्हा सर नकाशा घेऊन बसले आणि त्यांनी दोन गावं शोधून काढली. ई एरंडोल आणि एफ फैजपूर. "काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन. १९३६," असं ते एफच्या पुढे प्रत्येक वेळी जोडतात. दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यातली. आमचे भूगोलाचे प्राध्यापक तिकडचेच आहेत. यादीत आपल्या जिल्ह्याची दोन गावं, हे ते स्टाफच्या बैठकीतही सांगतात. एखाद्या दुपारी जिन्यावरून जाताना आतून ऐकू येतं : "शून्य, शून्य, एक, चिपळूण, बेचाळीस, एरंडोल... सावकाश सांगा... बारामती की दौंड?" पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या पालकांना वाटतं, इथे एसटीचं आरक्षण होतं.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत आहे : डिफॉल्ट डिनाय. आधी सगळ्यांना नाही, मग विचार करून एकेकाला हो. फायरवॉल नियम वरून खाली वाचते. जो पहिला लागू पडेल तो अमलात येतो आणि कुठलाच पडला नाही तर दार बंद. सर भाजीवाल्याशी, विमा एजंटाशी आणि लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांशी याच क्रमाने वागतात. रजा मागायला गेलेल्या लॅब असिस्टंटलाही आधी "नाही" मिळतं. कारण नंतर विचारतात, आणि ऐकून घेऊन रजा देतातही.

घरीही तीच यादी. मुलीच्या पहिल्या दिवाळसणाला जावई आले. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या, आणि सर मागून म्हणाले, "तुमचा मॅक काय?" वहिनींच्या हातातलं निरांजन हललं म्हणे. जावई हिंजवडीत नोकरीला. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून बारा अक्षरं तोंडपाठ म्हणून दाखवली. वहिनी सांगतात, "लग्नाला आठ महिने झाले होते. जावई पसंत पडले ते त्या दिवशी."

आता एवढा कडकपणा कशाला, असं मलाही वाटायचं. त्याला कारण आहे, आणि ते सरांच्या टेबलावरच्या काचेखाली कात्रण होऊन पडलं आहे. २००८ च्या २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा मेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून. ऑगस्टमध्ये पुढचा मेल गेला तो माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय निघालं. या सगळ्यांचा गुन्हा एवढाच की दार उघडं होतं. 'कॉलेज' या शब्दाखाली सरांनी रेघ मारली आहे. "पोलीस आले तर प्राचार्यांना नाही उठवणार मॅडम," ते म्हणतात. "विचारतील, नेटवर्क कोण बघतं? सगळे जिन्याखाली बोट दाखवतील." यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मी नक्की दाखवलं असतं.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा मात्र कहर झाला. पाहुण्यांसाठी तीन दिवस वायफाय मोकळं ठेवा, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. सरांनी मान डोलावली, आणि समिती स्थानापन्न झाल्यावर रजिस्टर घेऊन आत आले. समितीचे अध्यक्ष, सत्तरीचे गृहस्थ, लॅपटॉप उलटा करून मोबाइलच्या उजेडात स्टिकरवरची अक्षरं वाचत होते आणि सर अदबीने विचारत होते, "दौंड, सर?" गृहस्थ दाक्षिणात्य. दौंड हे रेल्वेचं जंक्शन आहे एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी हो म्हटलं.

नवीन विज्ञान इमारतीची गोष्ट सरांसमोर काढायची नाही, असा स्टाफरूमचा अलिखित करार आहे. त्या इमारतीला वेगळं राउटर बसवलं. मॅक ॲड्रेस मधलं राउटर ओलांडून पुढे जात नाही. पुढच्या टप्प्यावर राउटर स्वतःचाच ॲड्रेस लावतं. म्हणजे फायरवॉलला त्या इमारतीतले लॅपटॉप, फोन, वाटेल ते, सगळं एकाच ॲड्रेसने येताना दिसत होतं, आणि तो एक ॲड्रेस सरांनी स्वतःच्या हाताने बाइंड केला होता. अख्खी इमारत सहा महिने फुकट, बिननोंदीची इंटरनेटवर होती. सर तेव्हा बैठकीत अभिमानाने सांगत, "विज्ञान शाखेकडून एक तक्रार नाही." तिकडून ती कशाला येईल? कळलं त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. आठवडाभरात त्या इमारतीसाठी वेगळी यादी आणि वेगळं रजिस्टर झालं.

सरांना आपल्या कुलपाची ताकद ठाऊक नाही, असं मात्र नाही. मॅक ॲड्रेस बदलता येतो. विंडोजमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसराच क्रमांक लिहिला की लॅपटॉप त्या नावाने वावरू लागतो. मिनिटभराचं काम. याचं उदाहरण म्हणून सर अमेरिकेतल्या ॲरन स्वार्ट्‌झची हकिकत सांगतात. २०१० साली हा तरुण एमआयटीच्या नेटवर्कवरून शोधनिबंधांचा साठा उतरवून घेत होता. तिथल्या लोकांनी त्याच्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस अडवला. त्याने शेवटच्या बीचा सी केला आणि पुन्हा आत आला. "बारामतीचं चिपळूण केलं फक्त," सर म्हणतात. "आणि ती एमआयटी. आपलं तर अनुदानित कॉलेज." पुढे त्याच्यावर खटला भरला गेला, आणि २०१३ च्या जानेवारीत, सव्वीसाव्या वर्षी, त्याने जीव दिला. हा भाग सर सांगत नाहीत. तो मी नंतर वाचला, आणि मग वसतिगृहातल्या पोराच्या बाबतीत ते तसे का वागले ते थोडं उलगडलं.

त्याचं असं झालं. प्राचार्य रात्री दीड वाजता गाड्या पळवायचा खेळ खेळतात, असं फायरवॉलच्या नोंदीत दिसायला लागलं. सरांनी आधी तिकडे काणाडोळा केला. वरिष्ठांचं खासगी आयुष्य. चौथ्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये जाऊन विचारलं, "सर, रात्री झोप लागते ना?" प्राचार्य गहिवरले. इतकी चौकशी त्यांची कुणी केली नव्हती. पुढच्या आठवड्यात प्राचार्य भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि तरीही कॉलेजात रात्री खेळत राहिले, तेव्हा सर उठले. एकाच ॲड्रेसची दोन यंत्रं एका वेळी सुरू असली की सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो स्विच गोंधळतो. प्राचार्य परत आल्यावर सरांनी दिवसभर स्विचच्या तक्त्यावर नजर ठेवली. तो ॲड्रेस घटकेत ऑफिसच्या पोर्टवर, घटकेत वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सापडला. ॲड्रेस मिळाला कुठून? तर स्वतःचा फोन नोंदवायला आला तेव्हा रजिस्टर उघडं होतं. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, प्राचार्यांची नोंद. सरांचं अक्षर सुरेख, लांबूनही वाचता येतं.

प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जायला हवं होतं. सरांनी त्या मुलाला कोरं रजिस्टर दिलं आणि सांगितलं, "सगळं सुवाच्य लिहून काढ. कॅपिटल अक्षरांत. आणि प्रत्येक नोंद फायरवॉलशी ताडून बघ." मुलगा पंधरा दिवस अठरा अंशांत कुडकुडत लिहीत बसला. तिसऱ्या दिवसापासून वहिनींच्या डब्यातली एक पोळी त्याच्याकडे जायला लागली. त्याने तीन चुका काढल्या. तिन्ही ठिकाणी आठाचा बी झाला होता. त्यापैकी एक नोंद तत्त्वज्ञान विभागप्रमुखांची. दोन वर्षं त्यांना कॉलेजचं नेट मिळालेलं नव्हतं आणि त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. प्राचार्यांना यातलं काही माहीत नाही. सरांनी विचारलं म्हणून ते आता रात्री दहाला झोपतात.

अलीकडे काळ सरांच्या विरोधात गेला आहे. २०१९ नंतरचे अँड्रॉइड आणि २०२० नंतरचे आयफोन आपला कारखान्यातला ॲड्रेस आपणहून दाखवत नाहीत. कुणी पाळत ठेवू नये म्हणून ते प्रत्येक वायफायला वेगळा, मनचा ॲड्रेस सांगतात. आमच्याकडे ग्रंथालयाचं वायफाय एका नावाचं, कार्यालयाचं दुसऱ्या, वसतिगृहाचं तिसऱ्या. शिपाई मामा एकाच महिन्यात तीन वेळा नोंद करायला आले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मामा, फोन किती घेता हो? लॉटरी लागली काय?" मामांनी तोच, कोपऱ्यात तडा गेलेला फोन दाखवला. सर दोन रात्री वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने स्टाफरूममध्ये आले. खडू घेऊन फळ्यावर लिहिलं : दोन, सहा, ए, ई.

"दुसरं अक्षर बघायचं," ते म्हणाले. "या चारांपैकी असलं तर तो ॲड्रेस कारखान्यातला नव्हे, यंत्राने स्वतः लावून घेतलेला. अकोला आणि एरंडोलवर लक्ष ठेवा." तेव्हापासून बारापैकी दुसरंच अक्षर ऐकून ते लेखणी खाली ठेवतात.

संस्थेने आता प्रत्येकाला नाव आणि पासवर्डने आत सोडणारी नवी व्यवस्था घेतली आहे. सरांनी ती नीट बसवून दिली, आणि यादीही ठेवली. पासवर्ड लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. माझा अर्थशास्त्र विभागात सगळ्यांना पाठ आहे. खंडेनवमीला फायरवॉलला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात. पाणी शिंपडू देत नाहीत. भटजींनी एकदा तांब्या उचलला तेव्हा सरांनी त्यांचा हात धरला होता.

जिन्याखाली असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या कमिटीत असणार. त्याच्याकडे जायच्या आधी एवढं करा. अँड्रॉइड असेल तर वायफायच्या नावाशेजारच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडून 'डिव्हाइस मॅक' निवडा, आयफोन असेल तर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. बारा अक्षरं छापील वळणात लिहून न्या. आठ आठासारखा काढा. आणि चपला बाहेर काढा.